घरच्या रेकॉर्डिंगसाठी परवडणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस: निवड, जोडणी आणि वापर

लॅपटॉपच्या छोट्या भोकात माइकची पिन खुपसून गाणं रेकॉर्ड केलं की तीन तक्रारी हमखास येतात. मागे सतत सळसळ ऐकू येते, आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, आणि हेडफोनमध्ये आपलाच आवाज आपल्याला उशिरा ऐकू येतो. लॅपटॉपमधलं साउंड कार्ड व्हिडिओ कॉलपुरतं केलेलं असतं, त्यामुळे त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा करता येत नाही. यूएसबी ऑडिओ इंटरफेस हे सगळं काम लॅपटॉपच्या बाहेर काढतो. माइकचा अत्यंत क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प, त्या सिग्नलचे आकडे करणारा कन्व्हर्टर आणि ते आकडे परत आवाजात बदलून हेडफोनला देणारा भाग, एवढं त्या लहानशा खोक्यात असतं.

आजच्या स्वस्त इंटरफेसमधले कन्व्हर्टर घरच्या कामाला पुरून उरतात. रेकॉर्डिंग बिघडतं ते त्याच्या आधीच: खोलीत, माइकच्या जागेत, वायरीत आणि गेनच्या, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या बटणावर. म्हणून इंटरफेस निवडताना फार घोळ घालू नका. तो वेळ आणि थोडे पैसे या चार ठिकाणी लावा.

एका वेळी किती माइक लागणार?

खरेदीचा पहिला प्रश्न हा. एकट्याने गाणं, निवेदन, कथावाचन किंवा ऑनलाइन शिकवणी एवढंच करायचं असेल तर एक माइक इनपुट पुरतं. गायन आणि हार्मोनिअम वेगळ्या ट्रॅकवर हवं असेल, तबला आणि डग्ग्याला स्वतंत्र माइक लावायचे असतील किंवा दोघांचा पॉडकास्ट असेल तर दोन लागतात. गायन, हार्मोनिअम आणि तबला एकाच बैठकीत पण वेगळे घ्यायचे तर चार प्रीअ‍ॅम्पचा इंटरफेस घ्यावा, उदाहरणार्थ बेहरिंगर यूएमसी४०४एचडी. त्याला वेगळा पॉवर अ‍ॅडॅप्टर लावावा लागतो, म्हणजे प्लगची एक जागा जास्त धरा.

इथे बरेच जण फसतात. खोक्यावर ‘२ इनपुट’ लिहिलेलं असतं, पण त्यातलं माइकचं एकच असतं. फोकसराइट स्कार्लेट सोलो, एम-ऑडिओ एम-ट्रॅक सोलो आणि बेहरिंगर यूएमसी२२ या तिन्हींत दुसरं इनपुट गिटार किंवा कीबोर्डसाठी आहे, तिथे दुसरा एक्सएलआर माइक लागत नाही. दोन माइक हवे असतील तर फोटोत तीन छिद्रांची एक्सएलआर सॉकेट दोन दिसतात का, ते मोजा. त्यांच्या मधोमध जॅकचं मोठं भोक असेल तर ते कॉम्बो सॉकेट. तेही चालतं.

माहितीपत्रकातलं काय वाचायचं

सर्वांत आधी प्रीअ‍ॅम्पचा गेन बघा. तो किती लागेल हे माइकवर ठरतं. शुअर एसएम५८ हा डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) माइक एक पास्कल दाबाच्या, म्हणजे ९४ डेसिबल आवाजाला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारा) माइक त्याच आवाजाला सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो, साडेसात पट. म्हणून एसएम५८ला एटी२०२०पेक्षा १७-१८ डेसिबल गेन जास्त द्यावा लागतो. कंडेन्सर वापरणार असाल तर ५० डेसिबलच्या आसपास गेन असलेला साधा इंटरफेसही चालेल. डायनॅमिक माइकवर हळू आवाजात वाचन करायचं असेल तर ५५-६० डेसिबल हवेत. शुअर एसएम७बीला तर निदान ६० डेसिबल द्यावे असं कंपनीच सांगते. स्कार्लेट सोलोच्या चौथ्या पिढीत ५७ डेसिबल मिळतात, त्याच पिढीच्या २आय२मध्ये ६९, ऑडिएंट ईव्हीओ ४मध्ये ५८.

मग रेकॉर्डिंग २४ बिटचं होतं का ते पाहा. १६ बिटमध्ये आवाजाचा आवाका सैद्धांतिकदृष्ट्या ९६ डेसिबलचा असतो, २४ बिटमध्ये १४४चा. प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, पण २४ बिटमध्ये निर्धास्तपणे कमी पातळीवर रेकॉर्ड करून नंतर आवाज वाढवता येतो. १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले जातात त्याच्या) जाहिरातीकडे मात्र दुर्लक्ष करा. घरी ४८ पुरेसे आहेत, व्हिडिओलाही तेच लागतात.

विंडोजवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी: कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजवर आवाज कमी उशिराने नेणारं-आणणारं सॉफ्टवेअर, आहे का? बेहरिंगर यूएमसी२०२एचडीला तो आहे. यूएमसी२२ला नाही, तिथे एएसआयओ४ऑल नावाचा मोफत तात्पुरता उपाय वापरावा लागतो. तो चालतो, पण दुसरा प्रोग्राम आवाज धरून बसला की अडतो. मॅक आणि लिनक्सवर ‘क्लास कम्प्लायंट’ लिहिलेला इंटरफेस ड्रायव्हरशिवाय चालतो.

लूपबॅक ही सोय गाणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याला जास्त लागते. संगणकात वाजणारा तानपुरा किंवा लेहरा आणि माइकमधला तुमचा आवाज एकत्र करून कॉलवर किंवा लाइव्हवर पाठवायचा तर ती हवीच. ईव्हीओ ४ आणि मोटू एम२मध्ये ती आहे.

मॉडेलबद्दल आमचं मत असं. एकच कंडेन्सर माइक आणि अगदी बेताचं बजेट असेल तर यूएमसी२२ किंवा एम-ट्रॅक सोलो. थोडे जास्त पैसे घालता येत असतील तर सरळ यूएमसी२०२एचडी घ्या. त्यात दोन माइक इनपुट, २४ बिट आणि स्वतःचा ड्रायव्हर मिळतो, शिवाय पुढे साथीदार आला तर इंटरफेस बदलावा लागत नाही. लूपबॅक आणि भरपूर गेन हवा असेल तर ईव्हीओ ४ किंवा स्कार्लेट २आय२. याच्यावरच्या किमतीत आवाजात पडणारा फरक घरच्या खोलीत ऐकू येणार नाही.

‘व्ही८’ नावाने मिळणारी, टाळ्या आणि हशाची बटणं असलेली रंगीत खोकी या कामाची नाहीत. ती लाइव्ह करमणुकीसाठी असतात. त्यांत एक्सएलआर सॉकेट आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) नसते, आणि त्यांच्यासोबत येणारे स्वस्त कंडेन्सर माइक ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर अर्धपोटी चालतात.

जुना इंटरफेस विकत घेत असाल तर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या विंडोज किंवा मॅकच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर आहे का ते बघा. मग वस्तू हातात घेऊन गेनचं बटण फिरवा. हेडफोनमध्ये खरखर आली तर आत धूळ किंवा झीज आहे. यूएसबीची वायर सॉकेटमध्ये हलकेच हलवून पाहा, कनेक्शन तुटलं तर तो इंटरफेस घेऊ नका. आणि कंडेन्सर माइक लावून फँटम पॉवर चालते का ते समोरच तपासा.

सोबत काय लागतं

एक एक्सएलआर ते एक्सएलआर केबल, ३ मीटरची. आडवा दांडा असलेला स्टँड. पॉप फिल्टर. आणि बंद कपांचे हेडफोन, कारण उघड्या कपांतून तानपुरा किंवा मेट्रोनोम बाहेर येतो आणि माइकमध्ये शिरतो. हेडफोन ३२ ते ८० ओहमचे घ्या. २५० ओहमचे हेडफोन यूएसबीवर चालणाऱ्या लहान इंटरफेसवर पुरेसे मोठे वाजत नाहीत.

केबलवर काटकसर करू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला न्यूट्रिक किंवा रीनचे कनेक्टर लावून केबल तयार करून मिळते. साच्यात घालून बंद केलेल्या स्वस्त केबलीचा टाका सुटला की ती टाकूनच द्यावी लागते, ही मात्र उघडून परत झाळता येते.

लाउडस्पीकरच्या कामाचे जे डायनॅमिक माइक मिळतात, त्यांच्यासोबतच्या वायरीला बऱ्याचदा एका टोकाला मोठा जॅक असतो. तो कॉम्बो सॉकेटच्या मधल्या भोकात बसतो, त्यामुळे सगळं बरोबर आहे असं वाटतं. पण ते भोक माइकच्या प्रीअ‍ॅम्पकडे जात नाही. ते गिटारसाठी किंवा लाइनसाठी असतं. आवाज एकदम कमी येतो, गेन पूर्ण उघडला की नुसती सळसळ वाढते, आणि दोष इंटरफेसवर जातो. माइक तोच ठेवून फक्त एक्सएलआर केबल आणली की प्रश्न सुटतो. मोबाइलच्या हेडसेटचा किंवा कॉलरला लावायचा ३.५ मिलिमीटर पिनेचा माइकही साधा कन्व्हर्टर लावून इथे चालत नाही, कारण त्याला लागणारा व्होल्टेज वेगळा असतो.

पहिली जोडणी

१. विंडोज असेल तर आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून बसवा आणि संगणक रीस्टार्ट करा. इंटरफेस त्यानंतर जोडा.

२. इंटरफेस थेट संगणकाच्या पोर्टला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. तोच हबमधून माउस, पेनड्राइव्ह आणि इंटरफेसमध्ये वाटला गेला तर फँटम पॉवर लावल्याबरोबर इंटरफेस गळपटतो.

३. गेन, हेडफोन आणि स्पीकरची बटणं पूर्ण खाली आणा.

४. माइक एक्सएलआर केबलने जोडा. खटका बसल्याचा आवाज यायला हवा.

५. कंडेन्सर असेल तरच ४८ व्होल्टचं बटण दाबा आणि पाच-दहा सेकंद थांबा. बटण काही इंटरफेसना मागच्या बाजूला असतं. डायनॅमिक माइकला फँटमची गरज नसते, पण चांगल्या केबलने जोडला असेल तर चुकून चालू राहिल्याने काही बिघडतही नाही. जुन्या रिबन माइकला मात्र धोका असतो, तिथे बटण बंदच ठेवा. माइक काढताना आधी ४८ व्होल्ट बंद, मग थोडं थांबून केबल.

६. संगणकाच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे इंटरफेस निवडा. विंडोज आणि मॅक दोन्हींत मायक्रोफोनची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती बंद असली की इंटरफेसवरचे दिवे नाचतात आणि सॉफ्टवेअरमध्ये काहीच येत नाही.

७. सॉफ्टवेअर उघडा. नवख्यांसाठी रीपर चांगलं आहे, ६० दिवस मोफत वापरून पाहता येतं. मॅकवर गॅरेजबँड आहेच. रीपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असं जा. ऑडिओ सिस्टिममध्ये एएसआयओ निवडा, खाली तुमच्या इंटरफेसचा ड्रायव्हर निवडा, सॅम्पल रेट ४८००० आणि ब्लॉक साइज १२८ लिहा. कंट्रोल आणि टी दाबून नवा ट्रॅक घ्या, लाल गोल बटण दाबून तो रेकॉर्डसाठी तयार करा आणि त्याचं इनपुट ‘मोनो, इनपुट १’ ठेवा.

मोनो हा शब्द नीट बघून घ्या. तिथे स्टिरिओ राहिलं तर तुमचा आवाज फक्त डाव्या कानात येतो. नवख्यांची ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे. ऑडॅसिटीमध्येही रेकॉर्डिंग चॅनेल १ करावं लागतं, आणि ओबीएसमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमधली मोनोच्या चौकटीत टिक करावी लागते.

फोनवरही काम होतं. यूएसबी-सीचा आयपॅड किंवा आयफोन १५पासूनचे आयफोन क्लास कम्प्लायंट इंटरफेस ओळखतात, बरेच अँड्रॉइड फोनही. अडचण विजेची असते. फोनला इंटरफेस पोसवत नसेल तर वेगळा चार्जर लागणारा हब मध्ये घाला. लाइटनिंगच्या जुन्या आयफोनला अ‍ॅपलचा, चार्जिंगचं भोक असलेला कॅमेरा अ‍ॅडॅप्टर लागतो.

गेन लावणं

रेकॉर्डिंगमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे आणि त्याला दोन मिनिटं लागतात. गेनचं बटण सिग्नल वाढवतं ते आकडे होण्याच्या आधी. इथे फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जुळत नाही. इथे फार कमी ठेवलेला आवाज नंतर वाढवता येतो, पण सोबत सळसळही वाढते.

गायकाने पूर्ण ताकदीने, तार सप्तकातली सगळ्यात मोठी जागा घ्यायची. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणून गेन लावू नका, गाताना आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. ती जागा घेत असताना सॉफ्टवेअरच्या मीटरवर शिखर उणे १२ ते उणे ८ डेसिबलच्या दरम्यान यावं. साधारण गाताना मीटर उणे १८च्या आसपास हलेल. दिसायला ते कमी वाटतं, पण बरोबर आहे. वाचनाची पातळी एकसारखी असते, तिथेही हेच शिखर चालेल. तबल्यासाठी आणखी जागा सोडा. किनारीवरच्या ‘ना’ची किंवा डग्ग्यावरच्या मोकळ्या ‘घे’ची सुरुवातीची थाप इतकी क्षणिक असते की मीटर दाखवतो त्याच्याही वर ती गेलेली असू शकते. शिखर उणे १५च्या खाली ठेवा.

यूएमसी मालिकेत सिग्नलचा आणि क्लिपचा, म्हणजे आवाज फाटल्याचा दिवा असतो. क्लिपचा दिवा एकदाही लागायला नको. स्कार्लेटच्या गेनच्या बटणाभोवतीचं कडं हिरवं असेल तर ठीक, पिवळं दिसलं तर सावध व्हा, लाल दिसलं तर गेन कमी करून ती जागा परत घ्या. ईव्हीओ ४ आणि स्कार्लेट २आय२ची चौथी पिढी गेन आपोआप लावून देतात. सुरुवातीला ती सोय वापरा, पण तेव्हाही गायकाने खरोखर मोठ्याने गायला हवं.

गिटार जोडत असाल तर ‘इन्स्ट’चं बटण दाबलेलं हवं, नाहीतर आवाज बोथट येतो. कीबोर्डसाठी तेच बटण उघडं, म्हणजे लाइनवर.

आवाज उशिरा का ऐकू येतो

संगणक आवाजाचे आकडे एकेक करून न घेता गठ्ठ्याने घेतो. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला १२८चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६चा ५.३, १०२४चा २१. हा वेळ येताना आणि जाताना दोन्हीकडे लागतो, शिवाय कन्व्हर्टर आणि यूएसबीचा थोडा. हवेत आवाज ३ मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो, त्यामुळे एकूण १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवरचा स्पीकर ऐकण्यासारखं. तिथपर्यंत बहुतेकांना त्रास होत नाही. २०च्या पुढे लय डळमळायला लागते.

रेकॉर्ड करताना बफर १२८ ठेवा, खरखर किंवा टकटक आली तर २५६ करा. मिक्सिंग करताना १०२४वर न्या, तेव्हा उशीर झाला तरी बिघडत नाही.

इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ हे बटण हा प्रश्न मुळातूनच सोडवतं. त्याने माइकचा आवाज संगणकात न जाता तिथूनच हेडफोनला जातो. पण ते दाबलं की रीपरमधल्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं तर एक आवाज आत्ताचा आणि दुसरा काही मिलिसेकंदांनी मागचा, असे दोन आवाज एकमेकांवर चढतात. डब्यात तोंड घालून गातोय असं वाटलं की समजा हेच झालंय.

खोली आणि माइकची जागा

मोठ्या पडद्याच्या (आतल्या, आवाजाने थरथरणाऱ्या चकतीच्या) बहुतेक कंडेन्सर माइकमध्ये बाजूने गायचं असतं, वरच्या टोकातून नाही. कंपनीचं चिन्ह ज्या बाजूला असतं ती पुढची बाजू. उलट्या बाजूने गायलं तर आवाज पोकळ आणि लांबचा येतो, आणि हा दोष कितीतरी घरांत महिनोन्‌महिने कळत नाही.

तोंड आणि माइकमध्ये एक वीतभर अंतर ठेवा, साधारण १५ ते २० सेंटिमीटर. पॉप फिल्टर माइकपासून चार बोटं पुढे. ‘प’, ‘फ’, ‘भ’ तरीही फुटत असतील तर माइक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवा आणि तिरका तोंडाकडे वळवा.

कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक पाठीमागचा आवाज कमी उचलतो, म्हणून माइकची पाठ खिडकीकडे किंवा रस्त्याकडे करा. याचा अर्थ माइक तुमच्या मागची भिंत ऐकतो. गोधडी, रजई किंवा जाड सतरंजी टांगायची ती तुमच्या पाठीमागे. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलात तरी फरक लगेच कळतो. अंड्याचे खोके भिंतीला चिकटवू नका. त्यांनी आवाज शोषला जात नाही, आणि ते पेट घेतात.

पंखा बंद करा, फ्रीजचं दार नीट लागलंय का बघा. मग कोणी न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड करून सरासरी पातळी मोजा. ऑडिओबुकसाठी वापरल्या जाणाऱ्या एसीएक्सच्या मानकात ही शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली लागते. घरच्या खोलीत पंखा बंद, माइक जवळ आणि ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालचा घुमारा कापणारी सोय) एवढ्याने बहुधा तिथपर्यंत पोचता येतं.

हार्मोनिअमसाठी माइक वरून, हातभर अंतरावर आणि भात्यापासून लांब लावा. तबल्याला एकच माइक असेल तर दोन्हींच्या मधोमध वर, साधारण ४० सेंटिमीटरवर. दोन माइक असतील तर ते एकमेकांपासून निदान तिप्पट लांब असावेत, म्हणजे तबल्यापासून १५ सेंटिमीटरवर माइक असेल तर डग्ग्याचा माइक त्याच्यापासून ४५ सेंटिमीटर. एवढी जागा न ठेवल्यास दोन्ही माइकमध्ये शिरलेला एकच आवाज एकमेकाला खातो आणि डग्ग्याचा भरीवपणा जातो.

ऑनलाइन शिकवणीला झूम वापरत असाल तर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. नाहीतर झूम तानपुऱ्याच्या अखंड सुराला पंख्यासारखा गोंगाट समजतं आणि कापून टाकतं.

बिघडलं तर कुठे पाहायचं

*घूंऽऽ असा खालचा आवाज.* ही घरातली वीज, ५० हर्ट्झची. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर चार्जर आणि स्पीकर वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जातात आणि त्यात वळसा तयार होतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, स्पीकरला दोन काळ्या कड्यांचा टीआरएस जॅक असलेली केबल वापरा. प्लगची वरची जाड पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक लागू शकतो. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थिंगची तार नसते. ते वायरमनकडून तपासून घ्या.

*झर्रर्र असा तीक्ष्ण आवाज, पंखा किंवा दिवा मंद केल्यावरच.* इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर. रेकॉर्डिंगपुरता तो बंद ठेवा. माइकची केबल विजेच्या वायरीला समांतर न नेता आडवी ओलांडून न्या. फोनही टेबलावरून दूर ठेवा.

*टकटक, तुटक आवाज.* बफर वाढवा, ब्राउझर आणि वायफाय बंद करून पाहा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. तरी राहिलं तर लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर संगणकाला अडवतोय ते त्यात दिसतं, बऱ्याचदा तो वायफायचाच निघतो.

*सूर चढलेला किंवा उतरलेला.* ४४.१ किलोहर्ट्झवर केलेली फाइल ४८वर चालली की सूर कीबोर्डवरच्या (काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून) जवळजवळ दीड पट्टीने चढतो. पांढरी एकचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो, आणि लयही तेवढीच वाढते. इंटरफेस, विंडोज आणि प्रोजेक्ट, तिन्हीकडे एकच आकडा हवा.

*काहीच येत नाही.* माइकपासून संगणकाकडे क्रमाने चला. कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्ट लागलाय का? इंटरफेसवरचा सिग्नलचा दिवा बोलल्यावर लुकलुकतो का? लुकलुकत नसेल तर दोष माइक, केबल किंवा फँटममध्ये आहे, केबल बदलून पाहा. लुकलुकत असेल तर दोष संगणकात: परवानगी, निवडलेलं डिव्हाइस किंवा ट्रॅकचं इनपुट.

जपणूक

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेतो. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल दोन ठिकाणी ठेवा, एमपी३ फक्त पाठवण्यासाठी करा.

मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात कंडेन्सर माइकच्या पडद्यावर ओल धरते आणि रेकॉर्डिंगमध्ये मधूनच पुटपुट, चटचट असा आवाज येऊ लागतो. तेव्हा माइक उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली धरू नका, पडदा सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या प्लास्टिकचा असतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. काम झालं की माइक रोज त्याच डब्यात जाऊ दे, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला.